कोकराचं पान

सुनंदाबाईंच्या दारातून कुणी उपाशी परत गेलं, असं येलहंक्याच्या जुन्या पेठेत कुणीही सांगणार नाही. विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा त्यांच्या घरची खेप नेमकी जेवणाच्या वेळेला ठेवायचा. सासऱ्यांनी या कानडी मुलखात येऊन साड्यांचं दुकान घातलं, नवरा व्यंकटेश ते चालवत होता, मुलगा हर्ष रोज सर्जापूर रोडला नोकरीला जायचा. पण घराची ओळख होती ती सुनंदाबाईंच्या वाढण्यावरून. "अत्तेंना 'नको' हा शब्द ऐकूच येत नाही," असं सून रूपश्री सासूबद्दल हसून म्हणे. त्यांना ते कौतुकच वाटे.

मेंढपाळ शिवाप्पाने कोकरू सांभाळायला त्यांच्याकडे आणलं, तेही याच भरवशावर. त्याची मेंढरं घरामागे प्लॉट पाडून रिकाम्या पडलेल्या लेआउटमध्ये चरत. उन्हाने तिथलं गवत करपलं, तसा तो कळप घेऊन दोड्डबळ्ळापूरकडे निघाला. एका मेंढीला जुळं झालं होतं. एकाला तिने जवळ केलं, दुसऱ्याला ढुशी मारून लांब सारलं. ते लांब सारलेलं आता महिन्याचं झालं होतं, पण कळपामागे चालण्याइतकं बळ त्याच्या पायांत नव्हतं.

"अक्का, बाटलीनं दूध द्या," शिवाप्पा त्याच्या कानडीत म्हणाला. "तोंडाशी कोवळं गवत टाका, हुंगेल, चावेल. पण अन्न बेड, भात नको. गोड नाही. स्वल्पसुद्धा नाही."

"सरी, सरी," म्हणत सुनंदाबाईंनी होकाराची मान हलवली.

बाटल्या धुणं, दूध कोमट करणं रूपश्रीने आपणहून अंगावर घेतलं. कोकरू तिच्या मागे मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. "दुकानात गिऱ्हाईक नाही आणि घरात पाहुणे," व्यंकटेश म्हणाला. पण संध्याकाळी तोच गवताची जुडी काखेत मारून आला.

मग युगादी आली, म्हणजे पाडवा. त्यांच्या घरात सणाचं पहिलं पान गाईचं. गाईने त्याला तोंड लावेपर्यंत घरातलं कुणी घास घेत नसे. पूर्वी पेठेत गाई हिंडायच्या, हाक मारायचीही गरज नसे. त्या दिवशी सुनंदाबाई भात, वरण, तूप, पुरणपोळी वाढलेलं केळीचं पान घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. दोन कुत्री आणि एक टँकर, बाकी रस्ता मोकळा. घरात सगळे पाटावर ताटकळलेले. मागच्या अंगणात कोकरू ओरडलं.

शिवाप्पाचं बोलणं त्यांना आठवलं नाही, असं नाही. आठवलं. पण ते रोजच्या दिवसांचं, असं त्यांच्या मनाने ठरवून टाकलं. सणाच्या दिवशी दारातल्या जिवाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी पान कोकरापुढे ठेवलं. कोकराने आधी तूप चाटलं, मग पुरण, मग भात. "बघ कसं खातंय," त्या रूपश्रीला म्हणाल्या.

"अत्ते, शिवाप्पांनी सांगितलं होतं..."

"अगं, सण आहे," म्हणत त्यांनी आणखी एक मूद भात आणून पानावर घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकरू भिंतीला टेकून उभं होतं. डावी कूस फुगलेली, मान खाली, दात करकर वाजत होते. मागचे पाय पातळ, आंबूस घाणीने भरले होते. हर्षने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. वेदिका नावाची ती तरुण मुलगी बेळगावची होती; अंगणात मराठी ऐकून तिला बरं वाटलं.

"काय खाल्लंय याने?" तिने कोकराच्या पोटावर हात ठेवत विचारलं.

"दूधच," सुनंदाबाई म्हणाल्या. तो शब्द तोंडातून कसा गेला ते त्यांनाही कळलं नाही. "दुसरं काही नाही."

"मग बाटली नीट धुतली गेली नसेल. नाहीतर दूध गार दिलं असेल. बाटली कोण बघतं?"

"मी," रूपश्री म्हणाली.

"अहो, एवढ्याशा जिवाचं करताना लक्ष नको का?"

रूपश्रीने मान खाली घातली. सासूकडे तिने पाहिलंदेखील नाही. तिने पाहिलं असतं, डोळे वटारले असते, तर सुनंदाबाईंना सोपं गेलं असतं. वेदिका बॅगेतून औषध काढू लागली, हर्ष बायकोकडे रागाने बघत होता, आणि सुनंदाबाईंचे कान तापत गेले. सुनेने धुतलेल्या बाटल्या कट्ट्यावर ओळीने उपड्या ठेवलेल्या त्यांना तिथूनच दिसत होत्या.

"बाटलीचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मी भात घातला. पुरणही. ही नको म्हणत होती."

वेदिकाचा हात थांबला. "हे आधी सांगायला हवं होतं."

ती रागावली नाही; नळी जोडता जोडता भरभर बोलत राहिली. कोकरू जन्मतं तेव्हा त्याचं मोठं पोट रिकामंच असतं, ती म्हणाली. आईच्या चाटण्यातून, गवतातून, मातीतून तिथे सूक्ष्म जंतू येतात. हळूहळू त्यांची वस्ती वाढते आणि तीच पुढे गवत पचवते. "वस्ती अजून कच्ची होती हो. त्यावर भात-गूळ पडला की आंबट करणारे जंतू एकदम माजतात. बाकीचे त्या आंबटातच मरतात. आता पोट धुते, सोडा देते. पण मेलेली वस्ती परत बसवायला धडधाकट मेंढीच्या पोटातला रस लागेल. जवळपास कुणाची मेंढी आहे?"

कुणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. रूपश्रीने फोन हातात घेतला.

"दे इकडे," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी बोलते."

पलीकडे मेंढरांचा गलका होता. "शिवाप्पा, मी कोकराला भात घातला," त्या कानडीत म्हणाल्या. पुढचं जुळवून ठेवलेलं सगळं त्या विसरल्या.

गलका तसाच चालू राहिला. "केवढा?" त्याने विचारलं.

"पानभर. वर आणखी घातला."

"येतो."

दुपारी तो मालरिक्षातून मेंढी घेऊन आला. वेदिकाने मेंढीच्या घशातून नळी घातली आणि हिरवट, उग्र वासाचा रस काढला. तो गाळायला सुनंदाबाईंनी धुतलेलं पातळ फाडून दिलं. त्यांनी कोकराचं तोंड धरलं, शिवाप्पाने रस पाजला. दोघांचे हात एकमेकांना लागत होते, पण त्याची नजर कोकरावरच होती. उन्हं उतरली तशी कूस थोडी बसली. कोकराने मान उचलली.

"जगेल असं वाटतं," वेदिका म्हणाली. "पण दोन-तीन दिवस इथून हलवू नका."

म्हणजे शिवाप्पाला ते इथेच ठेवून जावं लागणार होतं. तो अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. सुनंदाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "शिवाप्पा, आता मी..."

"होय अक्का," तो जमिनीकडे बघत म्हणाला. आवाजात राग नव्हता. वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसाच आदर होता. मग तो उठला, त्यांना वळसा घालून रूपश्रीकडे गेला, आणि दूध कधी द्यायचं, गवत किती टाकायचं, हे सगळं पहिल्यापासून तिला सांगू लागला. "दुसऱ्या कुणाच्या हातचं नको," तो शेवटी म्हणाला.

रूपश्री गोंधळून सासूकडे बघू लागली.

"तो सांगतोय ते नीट ऐक," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि कोकराजवळून बाजूला झाल्या.