दिल्या घरची किडनी

इंझोरीच्या सोजरबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या आवाजाला त्याची खबर कुणी दिली नव्हती. त्या गल्लीच्या या टोकाला बोलल्या की त्या टोकाची कुत्री उठून बसत. सून वर्षाराणी मात्र हळू बोलणारी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा सारं गणगोत काळजीनं गोळा झालं, आणि किडनी देणार कोण हा विषय निघताच एकेकाला आपापलं दुखणं आठवलं. मुलगा राजू द्यायला उठला, तर कमावत्या पुरुषाच्या अंगाला सुरी लावू नये, असं सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं.

"माही घ्या," सोजरबाई म्हणाल्या. "मले एकटीले दोन कायले लागतात?"

सासूनं सुनेला किडनी द्यायची तर सरकारी समितीची परवानगी लागते. समितीतल्या साहेबांनी विचारलं, बाई, कुणाचा दबाव तर नाही ना? आपल्यावर दबाव टाकणारा अजून जन्माला यायचा आहे, असं सोजरबाईंनी सांगितलं. राजूनं मान हलवून दुजोरा दिला.

ऑपरेशन नागपूरला झालं. गावानं शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला, देवीमाय म्हटलं, पाया पडायला रांग लावली. थोरली जाऊ गोमतीबाई रांगेत सगळ्यांच्या पुढे होत्या, कारण फोटो तिथूनच काढत होते.

किडनी म्हणजे सोजरबाईंना सासरी दिलेली लेकच वाटे. माहेरपणाला येणार नव्हती, पण चौकशीचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. सुनेचा हात लोणच्याकडे वळला की "माह्या किडनीले खारट चालत नाई" असा हुकूम सुटायचा. वर्षाराणी पोटात सासू सांभाळते, असं राजू म्हणायचा. अर्थात सोजरबाई मंगरूळपीरच्या बाजाराला गेल्या असतानाच.

मग वर्षाराणीला मूल हवंसं झालं आणि सोजरबाई पहिल्यांदाच घाबरल्या. बाकीच्या सासवा नातवासाठी सुनेचा जीव खातात. ही एकटी सुनेला विनवत होती, की लेकरू नसलं तरी चालेल, तू राहा. सुनेनं ऐकलं नाही. किडनीच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या बदलून दिल्या, मग अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी टेस्ट ट्यूबचा इलाज केला. पहिल्या खेपेला काही राहिलं नाही, दुसऱ्या खेपेला राहिलं. सोनोग्राफीत सगळे बाळ पाहत होते आणि सोजरबाई विचारत होत्या, यात माही कुठं हाय? डॉक्टरीणबाईंनी ओटीपोटावर उजव्या अंगाला बोट ठेवलं. अगदी बाळाच्या शेजारी. परतताना एसटीत सोजरबाई रडत राहिल्या आणि डोळ्यात धूळ गेल्याचं सांगत राहिल्या.

सातव्या महिन्यात ओटी भरायचं ठरलं. सोजरबाईंची एकच आस होती, पहिली ओटी आपल्या हातानं भरायची. हिरवं लुगडं, खण, नारळ, सारं त्यांनी स्वतः निवडून आणलं. वर्षाराणी पाटावर बसली, आणि गोमतीबाईंनी सोजरबाईंच्या हातातलं ताट अलगद काढून घेतलं.

"सोजर, तू आत बस. पांढऱ्या कपाळाचा अपशकुन नको पोटातल्याले."

शाल पांघरताना हे कपाळ कुणाला दिसलं नव्हतं. आता मात्र सगळ्या बायांना एकदम दिसू लागलं आणि माना डोलल्या. सोजरबाईंना फार लागलं. ऑपरेशनच्या वेळीही इतकं दुखलं नव्हतं. त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि वळल्या. गल्लीनं त्यांचा एवढा हळू आवाज कधी ऐकला नव्हता.

"माह्या हाताचा अपशकुन होते, तं माही किडनी चार सालापासून त्याच पोटात हाय. पहिले तिले बाहेर काढा. मंग मी आत बसतो."

वर्षाराणीनं पाटावरूनच सासूकडे पदर पसरला.

"आई, तुमीच भरा."

सोजरबाईंनी ताट परत घेतलं. ओटी भरताना थोडे तांदूळ खाली सांडले. मग रीतीप्रमाणे ताट त्यांनी गोमतीबाईंच्या पुढे केलं. गोमतीबाई नारळ घेऊन वाकल्या.

"उजव्या अंगानं हळू," सोजरबाई म्हणाल्या. "तिथं मी हाय."