सरकीच्या गोदामातले नाना

घर भाड्याने देण्याआधी भाडेकरूला अपूर्णांक येतात का, असं विचारणारा घरमालक अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो धुळ्यात माझ्या वाट्याला आला. विमा कचेरीतली बदली होऊन मी जळगावहून तिथे गेलो, तेव्हा कुणीतरी नानांचं घर सुचवलं. नानांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि माझी जात, पगार, आहार यांतलं काहीएक न विचारता सरळ अपूर्णांकांवर आले. मी चाचरलो. मग त्यांनी इंग्रजीतले काळ विचारले. तिथेही माझं फारसं जमलं नाही. नाना थोडे खिन्न झाले. शेवटी म्हणाले, "गणिताची खोली गेली, इंग्रजीची पण गेली. भूगोलाची तेवढी रिकामी आहे. जमेल?" मी जमेल म्हणालो आणि भूगोलाच्या खोलीत राहायला आलो. माझ्या आधी एक बँकेचे साहेब त्या खोलीसाठी येऊन गेले होते. त्यांना गोदावरी कुठे उगम पावते ते सांगता आलं नाही, म्हणून नानांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

या सगळ्याचं मूळ घरामागच्या गोदामात होतं. नानांच्या वडिलांची कापसाची जिनिंग मिल होती आणि त्या गोदामात सरकी साठवत. जिनिंग बंद पडली, गोदाम राहिलं. एकदा कापसाच्याच व्यवहारासाठी नाना मुंबईला कुठल्याशा जिमखान्यात एका शेठची वाट बघत बसले होते. तिथे काचेपलीकडे दोन माणसं एका बंद खोलीत भिंतीवर चेंडू मारत होती. नाना तासभर बघत राहिले आणि ज्या शेठला भेटायला गेले होते त्याला न भेटताच परत आले. आल्याआल्या त्यांनी गोदामात त्या खेळाचं कोर्ट बांधून घेतलं. धुळ्याच्या उन्हात पोरं मैदानात करपतात, हे त्यांना लहानपणापासून खुपत होतं. "हाऊ खेय सावलीना शे, भाऊ," हा सावलीतला खेळ, असं ते मला अहिराणीत पुढे कितीदा तरी म्हणाले असतील. गोदामावर पत्रे होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बाहेर भाजून निघायचं की आत उकडून, एवढाच काय तो फरक, हे त्यांना कुणी सांगितलं तर ते विषय बदलत. मुंबईत म्हणे हा चेंडू आधी मारून मारून गरम करावा लागतो, तेव्हा कुठे उसळतो. आमच्याकडे तो डब्यातून काढला की गरमच असायचा. नाना याला धुळ्याची नैसर्गिक अनुकूलता म्हणत.

खेळाचं नाव स्क्वॉश, आणि त्या नावाने नानांना भलताच त्रास दिला. गल्लीत समज झाला की नानांनी सरबताचा कारखाना काढला. लग्नसराईत लोक बाटल्यांची चौकशी करायला येत. संस्थेची नोंदणी करायला गेले, तर तिथल्या कारकुनाने आधी अन्नपदार्थांचा परवाना आणायला सांगितला. नानांनी त्याला टेबलाजवळच्या भिंतीवर चेंडू मारून दाखवला. कारकुनाने घाईघाईने कागद पुढे सरकवला.

पोरं मात्र आपसूक आली. गोदामालगतच्या वस्तीत हमालांची, रिक्षावाल्यांची, भाजी विकणाऱ्यांची घरं होती; भिंतीवर धप्प धप्प आवाज ऐकून पोरं दारात जमू लागली. मुली पुढे येईनात, तेव्हा नानांच्या पत्नी अक्का स्वतः नऊवारीचा पदर खोचून रॅकेट घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना एकही चेंडू लागला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मुली येऊ लागल्या. शिरपूरकडच्या पाड्यांवरून शहरात वसतिगृहात राहिलेली पोरंही यायची. गोदामाशेजारी वजनकाट्याची जुनी खोली होती, तिथे अभ्यासिका झाली. नियम एकच: आधी अभ्यास, मग रॅकेट. पोरांना शिकवायला म्हणूनच वरच्या मजल्यावर भाडेकरू विषयवार भरले होते. ताप असो, लग्न असो, पाहुणा असो, नाना हा नियम मोडू देत नसत. स्वतःच्या नातवालाही त्यांनी सात आणि नवाच्या पाढ्यात अडकवून अख्खी दिवाळीची सुट्टी कोर्टाबाहेर बसवलं होतं.

वैशाली ही रिक्षावाल्याची मुलगी आमची सगळ्यात चांगली खेळाडू. नाशिकला सामने होते आणि सगळी आशा तिच्यावर होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने गणितं सोडवलेली नाहीत, असं गणिताच्या खोलीतल्या शिंदे सरांनी सांगितलं. नानांनी तिच्या हातातली रॅकेट काढून घेतली. विश्वस्तांपैकी एकाने समजावून पाहिलं, की तिच्याशिवाय सामने गेले तर मदत करणारे लोक हात आखडता घेतील. नाना ऐकेनात.

वैशाली रडली नाही. तिची आजी लहानपणी नानांच्याच वर्गात होती आणि तेव्हाच्या गोष्टी घरी सांगायची. वैशाली सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "नाना, नियम बठ्ठासले सारखा शे ना?"

नाना म्हणाले, हो, सगळ्यांना सारखा.

"मंग तुम्ही दहावी पास शेतस का?"

नाना नववीतून उठून जिनिंगवर बसले होते, हे अक्कांशिवाय आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नानांनी आपली रॅकेट भिंतीवरच्या खुंटीवरून काढली, कपाटात ठेवली आणि तिच्या शेजारी चटईवर बसले. दुसऱ्या दिवशी संघ नाशिकला गेला, हरून आला, आणि ही दोघं इथे समीकरणं सोडवत बसली होती.

नानांनी खरंच बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. गावात लोक हसले. जिनिंगच्या काळातले मित्र ओट्यावर येऊन 'काय, पेपर कधी?' विचारायचे. नानांना स्वतःचं हसं होण्याची फिकीर नव्हती. आपण नापास झालो तर पोरं नियमाला हसतील, ही धास्ती मात्र त्यांना खात होती. त्यांचं जेवण कमी झालं. वैशाली त्यांना बीजगणित शिकवायची आणि चुकलं की त्यांचेच शब्द त्यांना ऐकवायची. भूगोल माझ्याकडे होता. वर्षभर नानांनी रॅकेटला हात लावला नाही.

परीक्षा केंद्रावर पहिल्या दिवशी पर्यवेक्षकांनी त्यांना पालक समजून फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. निकाल लागला, तेव्हा नाना मोबाईलकडे बघेनात, अक्कांनी बघितला. पास. गणितात बरे, मराठीत चांगले, आणि सगळ्यात कमी, अगदी काठावर, भूगोलात. हे शेवटचं ते आजही माझी ओळख करून देताना आवर्जून सांगतात.

त्याच संध्याकाळी पोरांनी त्यांना कोर्टात नेलं. समोर वैशाली. वर्षभर चटईवर बसून नानांचे गुडघे धरले होते. तिने पहिले काही चेंडू अगदी हळू, त्यांच्या हाताशी येतील असे मारले. नाना थांबले.

"मले सोपा चेंडू दिऊ नको," ते म्हणाले.

मग ती खरी खेळली. त्यानंतर नानांना एकही चेंडू लागला नाही. ते भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहिले, आणि इतकं प्रसन्न हसत होते की आम्हाला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

पुढे माझी बदली परत जळगावला झाली. तिथेच मेहरूणला संस्थेचं दुसरं कोर्ट उभं राहिलं, आणि जळगावला कॉलेजात आलेली वैशाली आता अभ्यास सांभाळून तिथे पोरांना शिकवते. सुट्टीत वैशाली आणि मी धुळ्याला जातो. नाना कोर्टाबाहेर खुर्चीवर बसलेले असतात, गुडघ्यांवर तेलाचा वास, काठी शेजारी. नवी पोरं त्यांना खेळायला चला म्हणून ओढतात. नाना गंभीरपणे सांगतात, "कसं खेळू? बारावी व्हायची आहे अजून."

बारावीचा फॉर्म त्यांनी भरलेला नाही, पुस्तकंही आणलेली नाहीत. नियमाच्या बाबतीत कुणालाच न सोडणारी वैशाली हे जाणते. ती त्यांची काठी खुर्चीला नीट टेकवून ठेवते आणि म्हणते, "व्हऊ द्या नाना. घाई नही."