मोरा आला, आम्ही उतरलो नाही

नव्वदीच्या दशकातल्या एका डिसेंबरात मी नगरहून उरणला निघालो. बहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता आणि मी तिचा धर्मपिता (बाळाच्या वतीनं वचन देणारा) होणार होतो. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडली. उतरायचं होतं मोरा बंदरावर, म्हणजे उरणच्या दारात.

शेजारी इब्राहिमचाचा होते. उरणचेच, उभी हयात परदेशी जहाजांवर भंडारी (स्वयंपाकी) होते. डबा उघडून त्यांनी सांदण (तांदळाच्या रव्याची गोड वाफवलेली वडी) पुढे केलं. मी नाव सांगितलं, शांतवन साळवे.

"किरिस्ताव? मग तिकडं परदेशात जा की! सगलं तुमच्याच लोकांचं. नाताळला अख्खा देश बंद!"

"चाचा, तिथले निम्मे लोक चर्चची पायरी चढत नाहीत. कसला आलाय मान?"

"चर्चला न जाता सुट्टी मिलते, हाच मान! मी ईदची मागितली तर कप्तान म्हनतो, मागं एकदा झाली ना तुजी ईद?"

मला हसू फुटलं, पण हरायचं नव्हतं. "तिथला झाडूवालासुद्धा ख्रिस्तीच. त्याला कुठलं सिंहासन?"

"गरीब हाय खरा. पन त्याला नाव कोनी दोनदा विचारत नाय."

माझा आवाज चढला, त्यांचाही. बऱ्याच वेळानं चाचा थबकले. "मोरा मागं कसा चाललाय?"

लाँच मुंबईला परत निघाली होती! मी खलाशावर ओरडलो. तो म्हणाला, "आमी हाका मारल्या. तुमी म्हनालात, गप बस, जगाचा प्रश्न चाललाय."

मुंबईहून पुढच्या लाँचनं मोऱ्याला परत येऊन चर्चमध्ये पोचलो, तर पाळक वेळ काढायला लोकांकडून तेच गीत पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते. बहीण लालबुंद. माझी बाजू मांडायला चाचाही आत आले. "बाई, चूक माजी हाय..."

तेवढ्यात बहिणीच्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुम्ही मुसलमान ना? मराठी किती छान बोलता हो!"

चाचांच्या कित्येक पिढ्या उरणच्या. सासूबाई लग्न होऊन सोलापूरहून आलेल्या. चाचांनी माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. मी घाईघाईनं बाळाला उचललं.

नगरला आमच्या मिशन कंपाउंडात सगळी घरं ख्रिस्ती, एक जोशी मास्तरांचं सोडून. परतल्यावर पहिल्यांदाच मनात आलं, नाताळात आम्ही रात्रभर गाणी म्हणत फिरतो, तेव्हा हे झोपत कसे असतील? सकाळी जाऊन विचारलं.

"झोपत नाही," मास्तर म्हणाले. "पण बसा, चहा घ्या. इतक्या वर्षांत विचारणारे तुम्ही पहिलेच."