डाव्या बाजूचा हुडाक

इतकी वर्षं अमेरिकेतला, हातांनी फेकून खेळायचा फुटबॉल खेळून डॅरेल हुडाकने चेंडूला हात लावला असेल, तो फक्त कुठे घरंगळत गेलेला उचलून पंचाला द्यायला. त्याचं काम वेगळंच. केल्सो फेरी या गावाच्या संघात तो डावा टॅकल, म्हणजे डाव्या बाजूचा अडवणारा. चेंडू फेकणारा गडी, क्वार्टरबॅक, उजव्या हाताने फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण धावून येतंय हे त्याला दिसत नाही. ते डॅरेलने बघायचं आणि डॅरेलने अडवायचं. अडवलं तर कुणी नाव घेत नाही. नाही अडवलं तर सगळं गाव नाव घेतं. असला हा आतबट्ट्याचा धंदा, आणि तोही फुकटात. गावच्या संघात कुणाला दमडी मिळत नाही, हेल्मेटसुद्धा ज्याचं त्याने आणायचं.

एरवी तो टाउनशिपच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, रस्त्यांच्या कामावर असायचा. हिवाळ्यात बर्फ ढकलायची गाडी चालवायची, वसंतात खड्डे बुजवायचे, आणि शनिवारी दुपारी नदीकाठच्या शाळेच्या मैदानावर खेळायचं. अंगाने दरवाजाएवढा, बोलायला बेताचा. त्याची बायको नोरीन म्हणायची, "आमच्या ह्याला दोनच वाक्यं येतात. घरी 'जेवायला काय?' आणि मैदानावर 'माझं चुकलं.'"

त्या दुसऱ्या वाक्याची गंमत सांगायला हवी. पुढे फळी धरून उभे राहणारे जे पाच दांडगे असतात, त्यांच्यात एक रीत आहे. क्वार्टरबॅक आडवा झाला की आधी त्याला हात देऊन उभा करायचा. मग ज्याच्या बाजूने मार आला त्याने म्हणायचं, "माझं चुकलं." खरं कुणाचं चुकलं ते विचारायचं नाही. क्वार्टरबॅकचं काळीज शाबूत राहिलं पाहिजे, बाकी सगळं मागाहून. डॅरेल पोरसवदा होता तेव्हा जुन्या गड्यांनी त्याला हे शिकवलं आणि त्याने ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. जुना क्वार्टरबॅक फ्रिट्झ तर उलट त्याच्यावर खेकसायचा, "गप रे, मीच चेंडू धरून बसलो होतो!" दोघांना माहीत असायचं काय ते. म्हणून ती रीत चालत होती.

मग फ्रिट्झच्या बायकोला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या जागी आला जमारी टॉलिव्हर. नदीपलीकडचा, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, एका मोठ्या दुकानाच्या गोदामात कामाला. पोराचा हात काय वर्णावा! सरावात पहिल्याच दिवशी त्याने असा काही चेंडू फेकला की टायरचं दुकान सोडून शिकवायला येणारे कोच ब्रँडल तोंडातली काडी काढून नुसते बघत राहिले. "पोरांनो," ते म्हणाले, "या वर्षी चषक आपला."

पण सरावात क्वार्टरबॅकला कुणी पाडत नाही. पाडायचं नाही असा नियमच असतो. खरं काय ते सामन्यात कळतं.

हे पाच दांडगे क्वार्टरबॅकभोवती जे कोंडाळं करतात, त्याला तिकडे खिसा म्हणतात. त्या खिशात उभं राहायला छाती लागते. चहूबाजूंनी माणसं एकमेकांवर आदळताहेत, गुरगुरताहेत, आणि आपण मात्र त्यांच्याकडे न बघता लांब पळणारा आपला गडी शोधायचा. हात देवाने दिला तरी ही छाती मार खाऊनच येते. जमारीने पहिल्या सामन्यात मार खाल्ला. दुसऱ्यात त्याहून खाल्ला. प्रत्येक वेळी डावीकडून, पाठीत. आणि प्रत्येक वेळी डॅरेल त्याला उचलून म्हणाला, "माझं चुकलं, पोरा."

जमारी बिचारा मान हलवायचा. "असू दे, म्हातारबा."

म्हातारबा! पस्तिशीही गाठली नव्हती डॅरेलने. पण फळीतली पोरं त्याला तसंच म्हणायची आणि आता गावही म्हणायला लागलं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी गावासाठी मासे तळतात, तिथे रांगेत उभा होता तर मागून कुणीतरी म्हणालं, "डॅरेल, दोन सँडविच घे रे. पाय उचलायला ताकद नको का!" सगळे हसले. डॅरेलही हसला, पण घरी येऊन त्याने सँडविच तसंच टाकलं.

"काय झालं?" नोरीनने विचारलं.

"मी संपलो वाटतं, नोरीन."

"कशावरून?"

"मी गड्याला बाहेरून फिरवून मागे नेतो, नेहमीसारखा. मला वाटतं काम फत्ते. आणि मागे धप्पकन आवाज येतो. म्हणजे सुटतोच ना तो माझ्या हातून."

आता ह्यात एक मेख आहे. फळीतल्या माणसाची पाठ क्वार्टरबॅककडे असते. मागे काय चाललंय ते त्याला कधीच दिसत नाही. तो आपला ठरल्या जागेचा अंदाज धरून राखण करत असतो. राखलेला माणूस तिथे उभा आहे की नाही, हे त्याला फक्त आवाजावरून कळतं.

चौथा सामनाही हरल्यावर कोच ब्रँडलनी त्याला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना फिरवून बोलायला येत नसे. "डॅरेल, पुढच्या शनिवारी डावीकडे किप खेळेल."

"किप लान्ट्झ? तो तर अजून नवा आहे, कोच."

"नवा आहे, पण पाय आहेत त्याला. तू स्वतःच म्हणतोस ना दर वेळी, माझं चुकलं म्हणून? मी ऐकतोय चार सामने."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रीत म्हणून बोललेलं वाक्य कोचने कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर आता त्याचाही त्यावर विश्वास बसायला लागला होता.

पुढच्या शनिवारी तो पहिल्यांदाच कडेला उभा राहिला. झिमझिम पाऊस, मैदानात चिखल. अंगात खेळाचे पूर्ण कपडे, हेल्मेट काखेत, आणि करायला काही नाही. शरमेने त्याला वर प्रेक्षकांत बघवेना, तिथे नोरीन बसली होती. म्हणून तो खेळ बघत राहिला. आणि इतक्या वर्षांत जे कधी दिसलं नव्हतं ते त्याला दिसलं.

चेंडू हातात आला की जमारी मागे जायचा, ठरलेली पावलं. तिथे थांबायचं असतं. पण तो थांबत नव्हता. फळीत जरा धक्काबुक्की झाली की त्याची नजर लांबच्या गड्यांवरून सुटून जवळच्या मारामारीवर यायची आणि पाय आणखी मागे, आणखी मागे सरकायचे. तिकडे किप आपल्या माणसाला बाहेरून फिरवून मागे काढत होता, अगदी बरोब्बर. त्या माणसाने रिकाम्या जागेतून धावत जायचं, एवढंच बाकी होतं. पण ती जागा रिकामी नव्हती. जमारी तिथे पोचलेला होता. मारणाऱ्याला धावतही जावं लागत नव्हतं, सावज आपण होऊन त्याच्या मिठीत येत होतं.

धप्प.

"अरे देवा," डॅरेल म्हणाला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आणि त्याला इतका आनंद झाला की लाज वाटावी. तो संपला नव्हता! चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, झालं! पाय त्याचे ठीक होते, पाय त्या पोराचे सुटले होते.

आणि आनंदाच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो काही फार चांगला नव्हता. आता गप्प राहायचं. किपच्या बाजूने आणखी चार वेळा पोरगं पडू दे. मग ब्रँडल आपणच येतील, 'डॅरेल, चल आत' म्हणतील. ह्यात खोटं काहीच बोलायचं नव्हतं, नुसतं तोंडात मूग धरून उभं राहायचं होतं. तो उभा राहिलाही. मध्यंतर जवळ आलं तेव्हा जमारीला पुन्हा एकाने पाठीत ठोकलं, आणि या वेळी तो लगेच उठला नाही. किप त्याला ओढून उभा करत म्हणाला, "माझं चुकलं." जमारीने बरगडी दाबून धरली होती. आधी मान हलवायचा, ती त्याने हलवली नाही.

मध्यंतरात पोरगं बाकाच्या टोकाला एकटं बसलं होतं. डॅरेल जाऊन शेजारी टेकला. बाक कुरकुरला.

"पोरा, तू फार मागे जातोस."

जमारीने बघितलंही नाही. "जाणारच. डावीकडे भिंत नाहीये माझ्या. आधी तुझ्या हातून गडी सुटायचा, आता ह्याच्या हातून सुटतो."

"माझ्या हातून सुटत नव्हता."

"काय?"

"माझ्या हातून गडी एकदाही सुटला नाही. किपच्याही नाही. आम्ही त्याला तुझ्या मागून घालवतो आणि तू त्याच्या वाटेत जाऊन उभा राहतोस. चुकत तुझं होतं."

आता मात्र जमारी त्याच्याकडे वळला. "तूच म्हणालास माझं चुकलं! दर वेळी! एकदा नाही, दोनदा नाही..."

"अरे, तसं म्हणायचं असतं!"

"का?"

"तुझा धीर सुटू नये म्हणून."

"धीर?" पोरगं ओरडलंच. "तू रोज सांगायचास की माझी पाठ उघडी आहे. मी झोपेतसुद्धा डावीकडे बघतो आता! मला वाटलं म्हातारबा चांगला माणूस आहे पण त्याच्याने होत नाही, म्हणून मीच लांब सरकून उभा राहायला लागलो. तुझी अब्रू राहावी म्हणून! आणि तू..." त्याने हेल्मेट बाकावर आपटलं. "मला आधी का नाही सांगितलंस?"

फ्रिट्झला जे न सांगता कळायचं ते या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. रीत पाळली म्हणून आपण भले, असं तो समजून चालला होता. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"ऐक," तो म्हणाला. "ठरलेली पावलं मागे जा आणि थांब. डावीकडून गुरगुर ऐकू आली की मागे नाही, पुढे सरक. एक पाऊल, फार तर दोन. आमच्या पाठीला चिकटलास तरी चालेल. तो मागून निघून जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"तर मार बसेल. पण तोंडावर बसेल, दिसेल तरी."

जमारी हसला नाही. पण हेल्मेट चढवताना त्याने विचारलं, "पुढे?"

"पुढे."

दुसऱ्या डावात पहिल्यांदा तो विसरला आणि पडला. दुसऱ्यांदा डॅरेल कडेवरून असा बोंबलला की पंचांनी त्याला तंबी दिली. तिसऱ्यांदा जमारी थांबला. डावीकडून गडी आला, किपने फिरवला, आणि पोरगं एक पाऊल पुढे सरकलं. गडी मागून रिकाम्या हातांनी भुर्रकन निघून गेला आणि चिखलात उताणा पडला. चेंडू तोवर लांब पोचला होता. वर प्रेक्षक उभे राहिले. त्यानंतरही त्याने दोनदा मार खाल्ला, समोरून. दोन्ही वेळा तो आपणच उठला. सामना शेवटच्या मिनिटाला केल्सो फेरीने खिशात घातला, वर्षातला पहिला.

ब्रँडल खुशीत येऊन डॅरेलच्या खांद्यावर थापटत म्हणाले, "बघितलंस ना? डावीकडे तरणे पाय हवे होते."

जमारी जवळच होता. चिखलाने भरलेला, ओठ फुटलेला. "कोच, तसं नाही," तो म्हणाला. "डॅरेलचं काही चुकलं नव्हतं. चारही सामन्यांत माझेच पाय चुकत होते. यानेच आज सांगितलं."

ब्रँडलनी दोघांकडे बघितलं. काडी या गालातून त्या गालात गेली. "असं होय," ते म्हणाले. "वा डॅरेल, शाबास. पण आता बसलेली घडी मोडू कशाला? किप आहे तसाच राहील."

आणि ते खोटं नव्हतं. कोच असता तर डॅरेलनेही तेच केलं असतं. त्याने मान हलवली. जमारी काहीतरी बोलायला गेला, त्याला त्याने डोळ्यानेच दटावलं.

गाडीत बसल्यावर नोरीनने बराच वेळ काच पुसली. मग म्हणाली, "वरून दिसलं मला. मध्यंतरात तू त्याच्याशी बोललास."

"हो."

"बोलला नसतास तर?"

"तर कदाचित आज ना उद्या मला आत घेतलं असतं."

"मग का रे बोललास?"

डॅरेलला रडू आलं. एवढा दरवाजाएवढा माणूस, हातमोज्याने नाक पुसत बसला. "त्याला पाठीत लागत होतं गं," तो म्हणाला. "आणि मला समोर दिसत होतं."

नोरीनने गाडी सुरू केली.