नासलेल्या तणसाची माफी

मालकानं मला अंगणात उभं केलं. धान पाखडणाऱ्या बाया बघत होत्या. म्हणाला, "म्हन सगळ्याईसमोर. आता असं काही करीन नाही म्हन."

बाजूला बाबा. खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतलेला. आम्ही मालकाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, ठेक्यानं करतो. त्या दिवशी बैलांसाठी तणस मागायला गेलो होतो, धानाचा वाळला पेंढा. घरचं तणस मी नासवलं होतं.

बीएस्सी झाल्यावर तणसावर मशरूम पिकवायचं मी डोक्यात घेतलं. पावसाळ्यात जंगलात सात्या, म्हणजे रानातली मशरूम, निघाल्या की आमच्याकडे लोक तुटून पडतात. मग बारा महिने काऊन नाही? धान उकडायच्या ड्रमात तणस उकडलं, बियाणं मिसळून पिशव्या भरल्या, आढ्याला टांगल्या. आई धानाला देते तेवढीच वाफ दिली. तणसाला जास्त लागते, हे पिशव्या बुरशीनं हिरव्या पडल्यावर कळलं. सगळं सडलं.

एवढंच झालं होतं. मालकाच्या पोरानं नागपुरात हॉटेल काढलं, बुडवलं. मग जिम काढली, तीही बुडाली. मालक चारचौघांत छाती फुगवून सांगतो, पोरगा शिकून राहिला. मी एकदा आपटले तर म्हणाला, माज आला पोरीले. वा रे न्याय!

शेवटी बाबाच बोलले, मान खाली घालून. "नाही करन ते, मालक. मी सांगतो."

माझ्यापायी माझ्या बापानं नाक घासलं. ते दुःख अजून जात नाही. पण तेव्हाच माझं तोंड उघडलं.

"मी पुन्हा करीन."

बायांची सुपं थांबली. तणस मिळालं नाही. पुढच्या हंगामाले दुसरी बांधी पाहा, मालक म्हणाला. घराजवळ आल्यावर बाबांनी विचारलं, "काऊन बोललीस वं?"

ना बांधी राहिली, ना तणस; त्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. बाबा रिकामी दावी घेऊन परतले आणि न जेवता झोपले. आता मी लोकांच्या रोवणीला मजुरीनं जाते. रात्री कंबर ठणकते तेव्हा रडूही येतं. लपवायचं कायले?

पण शब्द मागे घेणार नाही. मजुरीतून तणस आणि मशरूमचं बियाणं आणलं आहे. या वेळी तणस दुपारभर उकडणार. तेही सडलं तर फेकून देईन आणि नवं उकडेन. चुकायला मी आता कोणाची परवानगी मागणार नाही.