बाई रिंगणात उतरल्या

"सूर द्या, बाकी चालशे."

स्टेजवर येऊन बसल्या की बाई आधी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या आणि माझ्याकडे न बघता हे वाक्य म्हणायच्या. खुर्ची डुगडुगत असो, माइक खरखरत असो, चहावर साय धरलेली असो, बाकी सगळं त्यांना चालायचं. मी की-बोर्डवर काळी चार दाबून धरायचो. त्या डोळे मिटून एकदा मान हलवायच्या, पहिली ओळ उचलायच्या, आणि समोरच्या मैदानात दोन-तीन हजार माणसांचे पाय एकदम हलायचे.

बडोद्याचा गरबा तुम्ही पाहिला असेल तर पुढचं सांगायला नको. नसेल पाहिला तर एवढंच सांगतो की मैदानाच्या मधोमध गाणारे-वाजवणारे बसतात आणि त्यांच्याभोवती माणसं अनवाणी फिरत राहतात, एका रिंगणाबाहेर दुसरं, दुसऱ्याबाहेर तिसरं. गाणं मध्ये थांबत नाही. एक गरबा संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. दीड-दोन तास न दमणारा गळा लागतो, आणि तो कुठे मिळतो हे कुणालाच माहीत नसतं. आमच्या शेठना तो एका प्राथमिक शाळेच्या प्रार्थनेत मिळाला होता. शेठ म्हणजे आमच्या गरब्याचे आयोजक. नातवाच्या प्रवेशासाठी शाळेत गेले होते. प्रवेशाचं बाजूला राहिलं आणि पहिलीच्या वर्गावरच्या मराठी बाईंना नवरात्रीचं आमंत्रण देऊन आले.

मी तेव्हा दिवसा गोरव्यातल्या एका कारखान्यात तयार पार्ट तपासायचो आणि संध्याकाळी की-बोर्ड वाजवायचो. त्या मंडळीत आम्ही दोघंच मराठी. दोन गरब्यांच्या मधल्या ढोलाच्या तुकड्यात बाई माझ्याकडे झुकून काहीतरी बोलायच्या. "ढोलवाला आज घाईत आहे. घरी पाहुणे आलेत वाटतं." किंवा, "त्या निळ्या साडीवाल्या पाहा, कालपासून चुकीच्या पायावर फिरतायत आणि किती खूश आहेत." आणि लगेच पुढची ओळ, श्वास न चुकवता.

चाळिशीनंतर बाईंच्या चेहऱ्यावर कोड आलं. आधी डाव्या पापणीवर ठिपका, मग ओठाच्या कोपऱ्याशी, मग हनुवटीवर आणि हातांवर. औषधं झाली, मलमं झाली. दरम्यान वर्गातल्या एका मुलाने त्यांना सांगितलं, "बाई, तुमच्या तोंडाला खडू लागलाय." बाईंनी त्याच्या हातात रुमाल दिला. "पुसून बघ बरं. मला काही निघत नाही." त्याने जीव लावून पुसलं आणि निघत नाही म्हणून रडायलाच लागला. त्या ही गोष्ट हसत सांगायच्या. मीही हसायचो. ते घडलं त्या संध्याकाळी बाई मात्र नेहमीपेक्षा खालच्या सुरात गायल्या, हे माझ्या लक्षात आहे.

तरी स्टेजवर काही फरक पडला नव्हता. रिंगणातल्या माणसाला गाणाऱ्याचा चेहरा कुठे दिसतो? तो आवाजावर फिरत असतो. मग मैदानात एलईडीचा मोठा पडदा आला.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी कॅमेरा बाईंवर गेला आणि दोन मजली घराएवढा त्यांचा चेहरा मैदानावर उभा राहिला. प्रत्येक डाग ताटाएवढा. दुसऱ्या दिवशी शेठनी मेकअप करणारी आणली. तिने बाईंच्या चेहऱ्यावर तीन थर चढवले. बाई आरशात बघून म्हणाल्या, "आमच्या शाळेला दर दिवाळीत असाच रंग काढतात." आश्विनातला उकाडा, डोक्यावर दिवे. तासाभराने घाम सुटला आणि बाईंनी सवयीने पदर घेऊन तोंड पुसलं. मेकअप एका बाजूने निघाला, एका बाजूला राहिला. पडद्यावर ते सगळ्यांना दिसलं. काही पोरं रिंगणातून बाहेर येऊन मोबाइलवर पडद्याचं चित्रण करू लागली. एवढ्या वर्षांत बाई गात असताना रिंगण सोडून बाहेर आलेली माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

बाईंना कळलं होतं. गाणं त्यांनी सोडलं नाही. फक्त घोट घ्यायला थांबल्या तेव्हा मला म्हणाल्या, "पदर खराब झाला हो."

पुढच्या वर्षी गणपतीनंतर शेठनी मला बोलावलं. जाहिरातवाल्यांचं म्हणणं पडलं होतं की स्टेजवर 'फ्रेश' चेहरा हवा. शेठ वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांना घाम फुटला होता. "तमे मराठी छो ने, तमे ज कही दो. तुमच्या भाषेत सांगितलं तर बेनला खोटुं नहीं लागे." म्हणजे वाईट वाटणार नाही. मला त्यांनी केस काळे करायला सांगितले. मी त्याच रविवारी केले.

बाईंच्या घरी गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून दुधी किसत होत्या. मी हवेचं बोललो, शाळेचं बोललो, यंदा मैदानात चिखल किती असेल त्याचं बोललो. बाई किसत राहिल्या. माझ्या केसांकडे त्यांनी दोनदा पाहिलं.

"तुम्हाला पाठवलं होय?" त्या म्हणाल्या. "मराठीत सांगितलं की कमी लागेल असं वाटलं त्यांना?"

चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"कोण आहे?"

"कॉलेजात जाते. दिसायला—"

"ते कळलं. गाते कशी?"

"गाणं अजून ऐकलं नाही. फोटो मागवले होते."

बाई हसल्या. त्यांनी किसणी उलटी करून आपटली, खाली पडलेला कीस गोळा केला. मग म्हणाल्या, "माझ्याकडे पाठवा तिला. गरबे तिला कुठले यायला? बेसूर गायली तर लोकांचे पाय दुखतील."

त्या का हो म्हणाल्या हे मी तेव्हा विचारलं नाही. सुटलो, एवढंच वाटलं. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

ती मुलगी वीस वर्षांची, गुजराती, दिसायला खरोखरच छान. पहिल्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघेना. छताकडे बघून गायली, पंख्याकडे बघून गायली. बाई तिला गुजरातीत म्हणाल्या, "मुली, मला बघ. मी हात कुठे उचलते ते बघितलंस तर श्वास कुठे घ्यायचा ते कळेल." मग तिने बघितलं. थोड्या दिवसांनी ती फक्त बाईंकडेच बघून गाऊ लागली. आवाज पातळ होता, पण खोटा नव्हता. वरच्या सुरावर गेली की घाबरायची. बाई तिच्या पाठीवर तळवा टेकवून म्हणायच्या, "इथून. गळ्याला कशाला त्रास देतेस, बिचारा आधीच एवढासा." मुलगी खुदकन हसायची आणि हसण्यातच सूर लागायचा.

दोन आठवड्यांत होण्यासारखं ते काम नव्हतं. नवरात्रीच्या पहिल्या दिवशी ती पाऊण तास गायली, मग आवाज फाटला. पडद्यावर चेहरा सुंदर दिसत होता, आणि रिंगणं सैल पडत चालली होती. माणसं कडेला जाऊन आइस्क्रीम खात उभी राहिली. मी आणि ढोलवाल्याने कसंबसं निभावून नेलं. ती मुलगी स्टेजच्या पायऱ्यांवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठनी बाईंना मैदानात बोलावलं. मोठ्या पडद्याच्या मागे त्यांनी जागा केली होती. गादीची खुर्ची, टेबलफॅन, पाण्याचा जग आणि माइक. मुलगी पुढे ओठ हलवणार, बाई मागून गाणार. कुणाला काही कळणार नव्हतं. मुलगी तिथेच उभी होती, पायाच्या अंगठ्याने माती उकरत.

बाईंनी खुर्चीत बसून पाहिलं. पंखा लावून पाहिला. "खुर्ची छान आहे," म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत अशी खुर्ची पहिल्यांदा मिळाली."

"तो नक्की ने, बेन?" शेठ म्हणाले. म्हणजे ठरलं ना?

"नाही."

शेठना वाटलं पंख्याचं काही आहे. बाई उठल्या. त्या गुजरातीत बोलल्या, सावकाश, पहिलीच्या मुलांना सांगावं तसं. मी मराठीत सांगतो. "शेठ, तुम्ही उठवलंत, मी उठले. मुलगी पाठवलीत, शिकवलं. माझा चेहरा तुम्हाला नको, ठीक आहे, तो चेहरा मलाही नको होता, पण काय करणार. आवाज मात्र मी चेहऱ्यापासून वेगळा काढून देणार नाही. आणि हिने उरलेले आठ दिवस नुसते ओठ हलवले तर ही शिकणार कधी? आज फाटला तर फाटू दे. उद्या कमी फाटेल."

"पण पब्लिक, बेन..."

"पब्लिकला मी ओळखते," बाई म्हणाल्या. मग एकदम आठवल्यासारखं, "मला एक पास द्या."

"शेनो पास?"

"गरब्याचा. वीस वर्षं गायले, एकदाही खेळले नाही. तुम्ही मला मोकळं केलंत ना? मग खेळते."

शेठनी खिशातून पास काढून दिला. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. बाईंनी पास पर्समध्ये ठेवला आणि मुलीला मराठीत म्हणाल्या, "रात्री जेवू नकोस जास्त." मुलीला मराठी येत नव्हतं. तिने मान डोलावली.

त्या संध्याकाळी बाई आल्या. साधी सुती साडी, पदर खोचलेला, पाय अनवाणी. सगळ्यात आतल्या रिंगणात, स्टेजच्या जवळ. आणि काय सांगू, बाईंना गरबा येत नव्हता! ज्या बाईने हजारो पायांना ताल दिला त्यांचे स्वतःचे पाय तिसऱ्या पावलाला चुकत होते. पुढच्या एक जाडजूड काकी मागे वळून वळून त्यांना दाखवत होत्या, "आम, बेन, आम," म्हणजे असं, असं. बाई लाजून हसत होत्या, पुन्हा चुकत होत्या. तोंडाने मात्र प्रत्येक ओळ म्हणत होत्या.

मुलीने त्यांना पाहिलं. मग माझ्या ध्यानात आलं की बाई फिरत फिरत समोर आल्या की मुलीचा आवाज भरतो. बाई हात उचलायच्या त्या जागी ती श्वास घेत होती. रिंगण पुढे सरकायचं, बाई स्टेजच्या पाठीमागच्या बाजूला जायच्या, आणि आवाज डळमळायचा. तेवढ्या वेळात मी दोन्ही हातांनी सूर धरून ठेवायचो. मग ती सुती साडी डावीकडून पुन्हा दिसू लागायची, आणि मुलगी सावरायची. तासभर हे चाललं. लोकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते फिरत होते. आइस्क्रीम टाकून परत आलेही होते बरेच.

बाई राहिलेले सगळे दिवस आल्या. शेवटच्या दिवशी त्या मागच्या बाजूला गेल्या तरी आवाज हलला नाही. मी सवयीने सूर दाबला तर मुलीने हाताने मला थांबवलं.

त्या दिवाळीनंतर बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे बंगळूरला गेल्या. स्टेशनवर निरोप द्यायला मी जाणार होतो. स्टेशनबाहेर सयाजीगंजपर्यंत गेलोही, रिक्षातून उतरलो, आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून समोरच्या दुकानात चहा पीत बसलो. गाडी गेली. त्यानंतर फोन दोनदा झाला. गाता का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मुलगी अजून गाते. चांगली गाते, दोन तास सहज. मधे तिचं लग्न झालं, बाळ झालं, अंग थोडं सुटलं. या वर्षी तालमीला सुरुवात व्हायच्या आधी शेठच्या ऑफिसातून सगळ्यांना निरोप आला, हल्लीचे फोटो मोकलजो. वादकांनीही पाठवायचे होते. मी माझा पाठवला.

तालमीच्या खोलीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. फोन हातात होता, फोटो पाठवलेला नव्हता. मग तिने विचारलं, "काका, बाईने कोणे कह्युं हतुं?" बाईंना कुणी सांगितलं होतं?

"मी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर. ढोलवाला दाराबाहेर कुणाशी तरी हसत होता, त्याचं हसणं संपेपर्यंत ती थांबली.

"तो मने पण तमे ज कहेजो," ती म्हणाली. मलाही तुम्हीच सांगा.