टिल्लूला म्हणे तलावात सोडायचं!

बादलीवर पोळपाट झाकून काकू दारातच उभ्या होत्या. सुदामा नगरातल्या त्यांच्या घरचा फिश टँक मी दर महिन्याला साफ करतो. आज टँक रिकामा होता.

"भिया, गाडी काढा. टिल्लूला तलावात सोडून येऊ. बिचारा फ्री होऊन जाईल, मला पुण्य लागेल."

टिल्लू म्हणजे सकर फिश. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून लोक बोटाएवढा आणतात. पुढे तो हातभर वाढतो, टँक पुरत नाही, आणि मग लोकांना एकदम दया येते.

"काकू, हा दक्षिण अमेरिकेतला मासा. तलावात गेला की काठ पोखरून बिळं करतो, त्यात अंडी घालतो. आपल्या माशांचं खाणं फस्त करतो. अंग इतकं टणक, की याला सहजासहजी कुणी खातही नाही."

"अरे, अकेला क्या कर लेगा?"

"सगळे एकेकच सोडतात, काकू!"

माझा आवाज चढलाच. त्या तलावात वडिलांनी मला पोहायला शिकवलं. वडील आता नाहीत. निदान तलाव तरी तसाच राहावा, असं मला फार वाटतं.

काकू पायरीवर बसल्या आणि खरं काय ते बोलल्या. "निखिल टोरंटोहून फोन करतो नी, तर पहिलं वाक्य, 'आई, टिल्लू दिखा.' माझे गुडघे राहिले बाजूला. पोरगा माझा, अन् चौकशी माशाची!"

"मग टिल्लू माझ्याकडे राहू दे," मी म्हटलं. बादली उचलून मी बडा गणपतीजवळच्या माझ्या फिश टँकच्या दुकानात आणली.

आठवड्याभरात काकूंचा फोन आला. "भिया, टिल्लू विकला तर नाही ना? निखिलचा फोन आता दोन मिनिटांत संपतो. कशी आहेस, बरी आहे, बस. टिल्लू होता तर पोरगा कितीतरी वेळ बोलत बसायचा. मला त्याचा आवाज पाहिजे हो."

संध्याकाळी टिल्लू पुन्हा त्यांच्या टँकच्या काचेला चिकटला. मी पाइप गुंडाळत होतो, तेवढ्यात निखिलचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी मोबाइल असा धरला, की माशाशेजारी त्यांचाही चेहरा दिसेल.

"आई, बारीक झालीस गं."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "ते राहू दे. आधी टिल्लू बघ."

मासा दुकानात होता, म्हणून एका बादलीत परत आला. तलावात सोडलेला मासा कुणाच्याच आईला परत आणून देता येत नाही.